खेळांतलें हायकोर्ट
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा नातू माझ्या खोलींत आला आणि कांहींएक प्रस्तावना न करतां म्हणाला, “आजोबा, आम्हांला एक हायकोर्ट स्थापायचें आहे. नियम लिहायला मदत कराल का?” शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये ही म्हण मीं तीस-पस्तीस वर्षें वर्गांत शिकविली आणि स्वतः पाळलीही. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, धंदा मास्तरकीचा. त्यामुळें हा प्रश्न ऐकून मीं चष्मा पुसला आणि पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलें. तो थट्टा करीत नव्हता. त्या दिवसापासून जवळजवळ महिनाभर आम्ही आजा-नातू न्याय या विषयावर बोलत होतों. त्या बोलण्यांतून मला जें उमगलें तें आज आपणांपुढें मांडावें असें योजिलें आहे.

प्रथम हें हायकोर्ट कोठलें तें सांगतों. तें एका खेळांतलें. नेशनस्टेट्स असें त्या खेळाचें नांव आहे. मॅक्स बॅरी नांवाच्या ऑस्ट्रेलियन कादंबरीकारानें तो रचला आणि १३ नोव्हेंबर २००२ रोजीं इंटरनेटवर सर्वांस खुला केला. त्याची ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ ही कादंबरी पुढच्या वर्षीं बाहेर पडावयाची होती. तिच्याकडे लोकांचें लक्ष वेधावें हा मूळचा हेतु. परंतु दवंडीसाठीं आणलेला ढोलच लोकांस आवडावा तसें झालें, आणि वीस वर्षें उलटून गेलीं तरी खेळ चालू आहे.

या खेळांत कोणीही यावें आणि आपलें एक काल्पनिक राष्ट्र स्थापावें. त्याचें नांव, ब्रीदवाक्य, नाणें, राष्ट्रीय प्राणी हें सारें आपणच ठरवावें. मग राज्यकर्त्यापुढें एकेक पेंच येऊं लागतो: वर्तमानपत्रांस मोकळीक द्यावी कीं त्यांस आवरावें, कर वाढवावा कीं घटवावा. जसें उत्तर द्याल तसें राष्ट्रांतील नागरिकांचें स्वातंत्र्य व व्यापारउदीम वरखालीं होतो. फौज पाठवून शेजाऱ्याचें राष्ट्र घ्यावें अशी मात्र येथें सोय नाहीं. मालक २८ दिवस फिरकला नाहीं तर राष्ट्र नामशेष झालें असें समजतात. रजेची नोंद आधीं केली असल्यास ही मुदत ६० दिवसांची होते. नामशेष राष्ट्र त्याच्या मालकास परत येऊन पुन्हां उभें करतां येतें. पण त्याला परत यावेंसें वाटलें पाहिजे. हा २८ दिवसांचा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

राष्ट्रांचे समूह असतात. नातू त्यांना रीजन म्हणतो, मी प्रांत म्हणतों. शिवाय सर्वांची मिळून एक जागतिक सभा आहे. तिचें नांव पूर्वीं संयुक्त राष्ट्रसंघ असेंच होतें. खऱ्या राष्ट्रसंघानें हरकत घेतल्यावर २००८ सालीं तें बदलून वर्ल्ड असेंब्ली असें ठेवण्यांत आलें. एका माणसाला राष्ट्रें कितीही स्थापतां येतात, परंतु या सभेचें सभासदत्व त्यांपैकीं एकालाच मिळतें. प्रांतांतील सभासद राष्ट्रें एकमेकांस अनुमोदन देतात, आणि ज्याला सर्वांत अधिक अनुमोदनें मिळतील तो त्या प्रांताचा प्रतिनिधि होतो. पुष्कळ ठिकाणीं प्रांताचा संस्थापक किंवा हा प्रतिनिधि यांच्या हातीं एक कळ असते. ती दाबली कीं नको असलेलें राष्ट्र प्रांताबाहेर फेंकलें जातें, व त्याच्यावर प्रवेशबंदीही घालतां येते. अशीं हद्दपार राष्ट्रें एका निराळ्या प्रांतांत जाऊन पडतात. त्याचें नांवच रिजेक्टेड रेल्म्स, म्हणजे नाकारलेल्यांचा मुलूख.

ही कळ विनाकारण ठेवलेली नाहीं. अनुमोदनांची मोजदाद यंत्र दिवसांतून दोन वेळां करतें. कांहीं टोळ्यांचा उद्योगच असा कीं, मोजदादीच्या थोडें आधीं एकदम एखाद्या प्रांतांत शिरावें, आपल्याच माणसास अनुमोदनें द्यावीं आणि प्रतिनिधीची गादी बळकावावी. पाठोपाठ जुन्या रहिवाशांची हकालपट्टी सुरू होते. म्हणून प्रतिनिधि नव्या पाहुण्याकडे संशयानें पाहतो, आणि ‘हा हेर आहे’ एवढी कुजबुज त्याचें बोट कळेवर जाण्यास पुरते.

आतां मुख्य मुद्दा. यंत्राला कळ ठाऊक आहे, कायदा ठाऊक नाहीं. ज्याच्याकडे अधिकार आहे त्यानें कळ दाबली कीं यंत्र ती मानतें. न्याय झाला कीं अन्याय हें तें विचारीत नाहीं. घटना, विधिमंडळ, न्यायालय हें सारें खेळणाऱ्यांनीं आपल्या हौसेनें व गरजेनें यंत्राच्या बाहेर उभें केलेलें असतें. दक्षिण पॅसिफिक नांवाच्या मोठ्या प्रांतांत याप्रमाणें हायकोर्ट आहे; उत्तर पॅसिफिक प्रांतांत कोर्टही आहे आणि नागरिकांच्या हक्कांची सनदही आहे. तेथील न्यायाधीशांना ना पगार, ना शिपाई, ना तुरुंग. त्यांनीं निकाल लिहावा आणि ज्याच्या हातीं कळ आहे त्यानें तो मानावा, एवढ्यावर सारी भिस्त. मीं नातवाला विचारलें, “आणि त्यानें नाहीं मानला तर?” तो म्हणाला, “तर कांहीं करतां येत नाहीं. म्हणून तर तुमच्याकडे आलों.”

त्याचा प्रांत लहान, चाळीसएक राष्ट्रांचा. मी खोलींत पेपर वाचीत बसलों होतों त्याच्या आठ दिवस आधीं तेथें एक प्रकार घडला होता. एका सभासदानें आपल्या पडद्यावरील संभाषणाचें एक चित्र प्रतिनिधीला दाखविलें. त्यावरून असें दिसत होतें कीं, प्रांतांतला एक जुना खेळाडू बाहेरच्या टोळीशीं संधान बांधून आहे. प्रतिनिधीनें त्याच रात्रीं कळ दाबली. हद्दपार झालेल्यानें ‘मीं कांहीं केलेलें नाहीं’ एवढा एक निरोप धाडला, आणि तो गप्प झाला. प्रांतांत दोन तट पडले. तेव्हां सर्वांनीं ठरविलें कीं, आपणांस एक न्यायालय पाहिजे.

रामशास्त्र्यांची कथा आपणां सर्वांस पाठ आहे, म्हणून ती सांगत बसत नाहीं. मीं नातवाला दुसरी, कमी ऐकिवांतली हकीकत सांगितली. इ. स. १८२८ सालीं मुंबईस इंग्लंडच्या राजाचें सुप्रीम कोर्ट होतें, आणि प्रांताचा कारभार कंपनी सरकारतर्फे गव्हर्नर सर जॉन माल्कम पाहत होते. मोरो रघुनाथ नांवाचा एक अल्पवयीन मुलगा पुण्यास एका वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यांत होता. त्याला आमच्यापुढें हजर करा, असा हुकूम कोर्टानें काढला. पुण्याचे रहिवासी या कोर्टाच्या हुकमतींत येत नाहींत, असें म्हणून गव्हर्नरांनीं हुकमाची बजावणी होऊं दिली नाहीं. कोर्टाच्या तीन न्यायाधीशांपैकीं दोघे त्याच वर्षीं वारले. उरलेले सर जॉन पीटर ग्रँट एकटे किती झगडणार? १ एप्रिल १८२९ रोजीं त्यांनीं सुप्रीम कोर्टच बंद केलें. प्रकरण विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें आणि निकाल कोर्टाच्या विरुद्ध लागला. मुंबई शहराबाहेरच्या अशा माणसांवर त्या कोर्टाचा अधिकार चालत नाहीं असें ठरलें. पुढें १८६१ च्या कायद्यानें राजाचें कोर्ट आणि कंपनीचीं सदर न्यायालयें एकत्र करण्याचें ठरलें, आणि ऑगस्ट १८६२ मध्यें मुंबईचें हायकोर्ट उघडलें.

नातू म्हणाला, “म्हणजे खऱ्या कोर्टालाही कळ नव्हतीच!” मीं म्हटलें, “नव्हती, आणि आजही नाहीं. न्यायाधीशाचा हुकूम दुसऱ्या कोणाच्या तरी हातानें बजावला जातो. म्हणून त्याची हुकमत कोठवर आहे तें आधीं लिहून ठेवावें लागतें. भांडण उभें राहिल्यावर तें ठरवूं गेलें तर जो बलवान् तो ठरवितो.”

या हकीकतींतून आमचीं पहिलीं दोन कलमें निघालीं. पहिलें हुकमतीचें. प्रांताच्या घटनेचा अर्थ, निवडणुकींतील तंटे आणि हद्दपारीच्या तक्रारी एवढ्याच गोष्टी कोर्टापुढें याव्या. एखाद्यानें आपल्या राष्ट्रांत कर किती बसवावा, किंवा दुसऱ्या प्रांतांत काय चालावें, यांत कोर्टानें पडूं नये. दुसरें कलम बजावणीचें. संस्थापकानें आणि प्रत्येक नव्या प्रतिनिधीनें अधिकार हातीं घेतांना सर्वांसमक्ष लिहून द्यावें कीं, कोर्टाचा निकाल मी तीन दिवसांत अमलांत आणीन, न आणल्यास जागा सोडीन. या शपथेनें त्याचे हात बांधले जात नाहींत. पण त्यानें अवज्ञा केली तर ती सर्वांना उघड दिसते, आणि अनुमोदनें परत घेणें तर प्रत्येकाच्या हातांत आहेच.

मग न्यायाधीशांचा विचार केला. ते तीन असावेत. सभेनें निवडावे, प्रतिनिधीनें नेमूं नयेत. आणि ठराविक मुदतीपर्यंत त्यांना एकट्या प्रतिनिधीच्या लहरीनें काढतां येऊं नये. येथें खेळांतली एक खास अडचण निघाली. एका माणसाला अनेक राष्ट्रें स्थापतां येतात हें मीं मघां सांगितलेंच. तेव्हां फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश हे तिन्ही एकच गृहस्थ निघाले तर काय करावें? खऱ्या कोर्टांत ही भीति नाहीं; तेथें माणूस निदान डोळ्यांना दिसतो. म्हणून प्रत्येक न्यायाधीशानें आपलीं सर्व राष्ट्रें जाहीर करावीं असें ठरविलें. तसेंच ज्या खटल्यांत आपला मित्र किंवा वैरी गुंतला असेल त्या खटल्यापुरतें न्यायाधीशानें बाजूस बसावें.

हें कलम लिहितांना नातवाची लेखणी थांबली. तो स्वतः न्यायाधीशपदासाठीं उभा राहणार होता, आणि प्रतिनिधि हा त्याचा जिवलग मित्र. मीं कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्यानें तें कलम पुरें केलें. पुढें तो निवडून आला, आणि पहिल्याच खटल्यांत बाजूस बसला. कायदा ज्यानें लिहिला त्यालाच पहिला निकाल लिहावयास मिळाला नाहीं, याचें त्याला वाईट वाटलें. तें मला दिसत होतें.

चौकशीचे नियम करतांना मीं दोन गोष्टींचा आग्रह धरला. आरोप काय आहे तो आरोपीस लेखी कळवावा आणि उत्तरास सात दिवस द्यावे. कारण येथें दिवस असतो तेव्हां खेळणाऱ्यांपैकीं कित्येकांकडे रात्र असते, कोणाची परीक्षा असते, कोणी गांवाला गेलेला असतो. आणि आरोपी आला नाहीं, बोलला नाहीं, म्हणून त्याला दोषी धरूं नये. सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर राहावा. पुराव्याचें कलम मात्र नातवानेंच मला समजाविलें. पडद्याचें चित्र काढून त्यांतील मजकूर बदलणें ही आजकाल पोरासोरांच्या हातची गोष्ट आहे. म्हणून नुसत्या चित्रावर विसंबूं नये. मूळ संभाषण मागच्या-पुढच्या मजकुरासह न्यायाधीशांनीं पाहावें, आणि आरोपीसही तें दाखवावें.

शिक्षा ठरवितांना आम्हीं एकच कसोटी लावली: जी चूक ठरल्यास मागें घेतां येईल तीच शिक्षा असावी. अधिकारावरून दूर करणें, कांहीं मुदत मताचा हक्क काढून घेणें, कांहीं मुदत हद्दपार करणें, एवढ्या तीनच शिक्षा ठेवल्या. जें कृत्य केलें तेव्हां नियमाविरुद्ध नव्हतें, त्याबद्दल नवा नियम करून मागाहून शिक्षा देऊं नये, असेंही लिहिलें. आणि राष्ट्राच्या मागें जो खराखुरा माणूस आहे त्याचें नांव, त्याची शाळा, त्याचें घर यांचा उच्चार कोर्टांत होऊं नये. खेळांतला दंड खेळांतच राहावा. हें कलम लहान आहे, पण सर्वांत अधिक जपण्याजोगें आहे असें मला वाटतें. कारण खेळांतलें राष्ट्र पुन्हां उभें करतां येतें, पोराची गेलेली अब्रू तितक्या सहज उभी राहत नाहीं.

शेवटचें कलम असें कीं, प्रत्येक निकालाबरोबर त्याचीं कारणें लिहावीं. ‘आम्हांस असें वाटतें’ हें कारण नव्हे. कोणता पुरावा मानला, कोणता मानला नाहीं आणि कां, हें वाचून हरलेल्या पक्षालाही न्यायाधीशांचें डोकें कसें चाललें तें समजलें पाहिजे.

कायदा लिहून सभेंत मंजूर होण्यास दहा दिवस गेले. न्यायाधीशांची निवडणूक होण्यास सात दिवस लागले. नातवाच्या जागीं त्या खटल्यापुरता दुसरा एक न्यायाधीश बसला. खटला आठ दिवस चालला. ज्यानें तें चित्र आणलें होतें त्याच्याकडे मूळ संभाषण मागितलें. तें त्याला दाखवितां आलें नाहीं. आरोप सिद्ध झाला नाहीं, हद्दपारी रद्द करावी, असा निकाल तिघांनीं एकमतानें दिला.

मग तीन दिवस प्रांतांत सामसूम होती. नातू जेवतांना सुद्धां गप्प असे. कळ त्याच्या मित्राच्या हातांत होती आणि तिच्यावर कोणाचाही जोर चालत नव्हता. तिसऱ्या रात्रीं प्रतिनिधीनें बंदी उठविली. नातवानें पुढें त्याला कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “निकाल चार वेळां वाचला. चूक काढायचीच म्हणून वाचला, पण सांपडली नाहीं.” श्रोतेहो, ज्या कोर्टाजवळ शिपाई नाहीं त्याचें बळ कोठें असतें हें मला त्या वाक्यानें समजलें.

येथें ही गोष्ट संपावी असें मलाही वाटलें असतें. परंतु आपण दिवस मोजा. माझ्याकडे येण्यापूर्वींचे आठ, कायद्याचे दहा, निवडणुकीचे सात, खटल्याचे आठ. मिळून तेहतीस झाले. हद्दपार झालेला खेळाडू पहिल्या रात्रीनंतर फिरकलाच नव्हता. निकाल लागला तेव्हां त्याचें राष्ट्र नामशेष होऊन गेलें होतें. नातू माझ्याकडे येऊन म्हणाला, “ज्याच्यासाठीं हें सगळें केलें तोच उरला नाहीं. आतां निकाल फलकावर लावून काय उपयोग? प्रतिनिधीची मात्र उगीच नाचक्की.”

तेव्हां जी गोष्ट मीं घरांत कधीं कोणाला सांगितली नव्हती ती त्याला सांगितली. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली ती आहे. वर्गांत सहलीसाठीं जमा केलेल्या पैशांतून कांहीं रुपये कमी भरले. ज्या मुलाकडे पैसे गोळा करण्याचें काम होतें त्याला मीं चाळीस मुलांसमोर उभें करून विचारलें. तो खालीं मान घालून उभा राहिला. त्याचें तें मौन मीं कबुली समजलों, आणि त्याला आठवडाभर बाकावर उभें केलें. पुढें हिशेबाची वही पाहतांना माझीच बेरीज चुकलेली आढळली. मीं त्या मुलाला बोलावून त्याची क्षमा मागितली, पण कोठें? शाळा सुटल्यावर, व्हरांड्यांत, आम्ही दोघेच असतांना. आरोप मीं चाळीस मुलांदेखत केला होता, आणि चूक कबूल केली ती भिंतीदेखत. त्या चाळीसांपैकीं कित्येक जण आज पन्नाशीच्या घरांत असतील, आणि त्यांच्या लेखीं तो मुलगा अजूनही चोरच असेल.

नातू बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग उठून गेला. ज्या फलकावर ‘हेर पकडला’ अशी जाहिरात लागली होती, त्याच फलकावर त्या रात्रीं सबंध निकाल कारणांसह लागला. त्या खेळाडूच्या नामशेष राष्ट्राचें नांव त्यांत ठळक अक्षरांत होतें. पुढच्या सभेंत कायद्याला दोन कलमें जोडण्यांत आलीं. आरोप जेथें प्रसिद्ध झाला तेथेंच निकाल प्रसिद्ध व्हावा, हें एक. आणि हद्दपारीची तक्रार आल्यास पहिल्या तीन दिवसांत कोर्टानें तात्पुरता हुकूम द्यावा कीं निकाल लागेपर्यंत बंदी चालू ठेवावी कीं उठवावी, हें दुसरें. खरोखरच टोळी दाराशीं आली असेल तर प्रतिनिधीला कळ दाबतां यावी, पण एका रात्रीची सावधगिरी तेहतीस दिवसांची शिक्षा होऊं नये, हा त्यांतील हेतु.

तो खेळाडू मी हें भाषण लिहीपर्यंत परत आलेला नाहीं. प्रतिनिधीनें त्यानंतर दोनदां कळ दाबली, आणि दोन्ही वेळां त्याच दिवशीं कारण लिहून कोर्टाकडे पाठविलें.

आपल्या घरांतलीं मुलें पडद्यापुढें तासन् तास बसतात म्हणून आपण रागावतों, आणि तो राग पुष्कळदां वाजवीही असतो. पण रागावण्यापूर्वीं एकदां जवळ बसून ‘तुमच्या राज्यांत हद्दपार कोण कोणाला करतो, आणि कोणाला विचारून?’ एवढें विचारून पाहावें. उत्तर कदाचित् फार वेळ चालेल. आमच्याकडे तें महिनाभर चाललें, आणि त्यांत शिकविण्याचें काम मीं एकट्यानें केलें असें मला म्हणवत नाहीं.

त्या मुलाचा, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा, पत्ता मीं आतां मिळविला आहे. पत्र लिहावयास घेतलें आहे. तें पुरें झालें कीं त्याची नक्कल त्या वर्गांतल्या जितक्या जणांचे पत्ते सांपडतील तितक्यांना धाडावी, असा नातवाचा आग्रह आहे. आणि कायद्याप्रमाणें पाहतां त्याचें म्हणणें बरोबर आहे.